दुधीच्या रोपांचा हिवाळा

भूकंपानंतरचा हिवाळा आम्ही लातुरात घराबाहेर काढला. आमचं घर पडलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत एक चीर गेली होती, तिच्यात माझं बोट जायचं, एवढंच. पण जमीन अधूनमधून हलत होती आणि अफवा रोज उठत होत्या. अमावस्येला मोठा येणार, कुणीतरी सांगितलंय, कुठंतरी छापून आलंय. गल्लीतलं एकही माणूस छताखाली झोपायला तयार नव्हतं. ज्याला जसं जमलं तसं त्यानं अंगणात, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात ताडपत्री नाहीतर पत्रे उभे केले.

आमच्या आणि शेजारच्या घडीसाजाच्या, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या, घरांच्या मध्ये एक रिकामा प्लॉट होता. मालक हैदराबादला राहायचा, वर्षानुवर्षं तिकडं फिरकला नव्हता. त्या प्लॉटवर दोन्ही घरांनी मिळून एकच शेड उभी केली. बल्ल्या त्यांच्या, पत्रे आमचे. मध्ये दोरीवर सोलापुरी चादर टाकली. अलीकडं सासूबाई, मी आणि माझे मिस्टर. पलीकडं घडीसाज आणि त्यांची बायको. त्यांच्या मुलींची लग्नं झाली होती आणि मुलगा नांदेडला मामाच्या दुकानात होता. गल्ली घडीसाजांना चाचा, म्हणजे काका म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला आपा, म्हणजे थोरली बहीण. हे नातं कसं जुळतं ते कुणी कधी विचारलं नाही.

सासूबाई तोवर आपाच्या घरचं पाणी पीत नव्हत्या. त्यावरून भांडण कधीच झालं नव्हतं, रीतच होती तशी. शेडमध्ये पहाटेच्या थंडीत आपाचा स्टो आधी पेटायचा आणि आल्याच्या चहाचा वास चादरीवरून आमच्याकडं यायचा. काही दिवस सासूबाईंनी तो वास सोसला. मग एका सकाळी त्या म्हणाल्या की रॉकेल मिळत नाही, दोन-दोन स्टो कशाला जाळायचे. त्या दिवसापासून चहा एकाच पातेल्यात व्हायला लागला.

माझे मिस्टर मास्तर होते. सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची, मीही इथं तसंच लिहिते. औसा तालुक्यातल्या एका खेड्यात ते हायस्कूलला विज्ञान शिकवत. तिथंच खोली करून राहत आणि शनिवारी लातूरला येत. त्या आठवड्यात गणपतीच्या विसर्जनासाठी ते घरी आले होते, म्हणून वाचले. त्यांची खोली ज्या घरात होती ते घर राहिलं नाही, आणि गावही जवळजवळ राहिलं नाही. भूकंपाच्या सकाळी उजाडताच ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून तिकडं गेले, आणि बऱ्याच दिवसांनी परत आले. अंगावरचे कपडे तेच होते. आंघोळ केली, बाजेवर आडवे झाले आणि त्यानंतर बोलेनासे झाले.

वाचा गेली नव्हती. चहा घेता का विचारलं तर हं म्हणायचे, जेवायला बसा म्हटलं तर बसायचे. पण आपणहून एक शब्द नाही. शाळाच उरली नव्हती, त्यामुळं कुणी कामावरही बोलावत नव्हतं. दिवसभर ते शेडच्या दाराशी बाजेवर बसून समोरच्या मातीकडं बघत. गल्लीत अशी माणसं त्या वेळी बरीच होती, म्हणून कुणी फारसं विचारतही नव्हतं. आपा एवढंच म्हणायची, "बोलेंगे. घाई नको करूस."

माझे वडील अर्धापूरहून आम्हाला न्यायला आले. तिकडं जमीन हलत न्हाई, चला, म्हणाले. मला जावंसं फार वाटत होतं. पण मास्तरांनी नुसती नाही म्हणून मान हलवली आणि विषय संपला. वडिलांनी येताना केळीचा घड आणला होता, आणि आईनं फडक्याच्या गाठीत दुधी भोपळ्याच्या बिया बांधून दिल्या होत्या. आमच्या माहेरी सगळं रान केळीचं. केळीला बी नसतं, कंद लावतात. पण आई बांधाच्या कडेनं आपल्या भाज्या लावायची आणि बी राखेत घोळून ठेवायची. तिनं निरोप दिला होता, "मोकळी जागा हाय तर लाव. हाताला लई बरं असतं."

डालड्याचे रिकामे डबे होते, त्यांना खिळ्यानं भोकं पाडली. प्लॉटवरची काळी माती भरली. वर माती जास्त झाली तर कोंबाला जोर पुरणार नाही असं वाटून मी बिया अगदी वरवर पेरल्या. थंडीमुळं त्या लवकर उगवेनात. मी रोज सकाळी डबे उन्हात सरकवायची, संध्याकाळी पत्र्याखाली घ्यायची. शेवटी एका सकाळी माती फुगलेली दिसली आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पांढरट हिरवे देठ वाकून वर आले.

पण पानं उघडेनात. प्रत्येक रोपाच्या टोकावर बियाचं जाड, तपकिरी टरफल तसंच घट्ट बसलेलं होतं. आतली दोन पानं एकमेकांवर दाबलेली, फक्त कडेला फटीतून थोडी पिवळी दिसायची. मला वाटलं, गळून पडेल आपोआप. तसं झालं नाही. एका रोपाची पानं आतल्या आतच सडली आणि देठ मऊ होऊन आडवा झाला.

आपा माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं दुसऱ्या एका रोपाचं टरफल नखांनी धरलं आणि ओढलं. टरफल निघालं, पण त्याच्याबरोबर दोन्ही पानंही आली. मातीत नुसता देठ उभा राहिला. आपा बराच वेळ त्या देठाकडं बघत राहिली. मग उठली, चादरीपलीकडं गेली आणि पदराआड काहीतरी घेऊन आली. चाचांचा बारीक चिमटा.

चाचांचं दुकान बाजारात होतं, पण वरचा मजला तडकल्यामुळं ते शेडमध्येच छोटं मेज मांडून घड्याळं दुरुस्त करत. चिमटा हरवल्याचं त्यांच्या लगेच ध्यानात आलं. चादर बाजूला करून त्यांनी पाहिलं, तर आम्ही दोघी डब्यावर वाकलेल्या. ते रागावतील असं मला वाटलं. पण ते आत गेले आणि डोळ्याला लावायचं भिंग घेऊन परत आले. मांडी घालून बसले, भिंग लावलं आणि रोप न्याहाळलं. घड्याळाच्या कमानीपेक्षाही हे नाजूक आहे, असं काहीतरी पुटपुटले. मग चिमट्यानं टरफल धरलं आणि तेही रोप मोडलं. चाचांनी भिंग काढून खिशात ठेवलं. हे आपल्याकडून व्हायचं नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता.

उपाय सासूबाईंनी काढला. त्या बाजूला बसून देवाच्या वाती वळत होत्या आणि आमचा सगळा खेळ पाहत होत्या. लेकराच्या डोक्यावरची खपली कधी कोरडी ओढतात का, म्हणाल्या. आधी ती ओली करायची, मऊ होऊ द्यायची, मग ती हाताला आपणच येते. त्यांनी आपल्या वातींतल्या काही वाती पाण्यात भिजवून माझ्या हातावर ठेवल्या. देवाच्या वाती अशा कुणाला देताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही प्रत्येक टरफलाभोवती ओली वात गुंडाळली. मधूनमधून थेंबभर पाणी सोडलं. दुपारपर्यंत टरफलं गडद होऊन फुगली. चाचांनी आता दुसरी युक्ती केली. टरफल पकडून ओढायचं नाही. चिमटा मिटलेला ठेवून त्याची टोकं टरफलाच्या टोकाकडच्या फटीत अलगद घालायची आणि बोटांचा दाब हळूहळू सोडायचा. चिमटा स्वतःच उघडतो आणि त्याबरोबर टरफलही उकलतं. पहिलं टरफल असं निघालं तेव्हा आपानं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. पानं लगेच उघडली नाहीत. चिकटलेली, चुरगळलेली, फिकट पिवळी होती. संध्याकाळी डबे आत घेताना पाहिलं तर ती एकमेकांपासून सुटली होती.

मग ते रोजचंच काम झालं. आईनं बिया भरपूर दिल्या होत्या आणि त्या एकदम उगवल्या नाहीत, थोड्या थोड्या उगवत राहिल्या. सकाळी ओल्या वाती लावायच्या, दुपारी चिमटा घेऊन बसायचं. मास्तर बाजेवरून बघत असायचे. म्हणजे त्यांचे डोळे आमच्या दिशेला असायचे. ते खरंच बघतात की नाही ते मला कळत नव्हतं.

एका दुपारी माझा हात घसरला आणि चिमट्याचं टोक पानाला लागलं. मी थांबले. पुन्हा लावायचा धीर होईना. तेवढ्यात माझ्या खांद्याजवळ सावली आली. मास्तर उठून आले होते. त्यांनी माझ्या हातातून चिमटा घेतला, उकिडवे बसले आणि ते टरफल काढलं. शाळेत मुलांना जास्वंदीचं फूल उकलून दाखवायची त्यांना सवय होती, हात स्थिर होता. काढलेलं टरफल त्यांनी डब्याच्या काठावर ठेवलं आणि पुढच्या रोपाकडं वळले. आपानं डोळ्यांनीच मला सांगितलं, बोलू नकोस.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर बाज रिकामी होती. ते बाहेर उन्हात डबे मांडून, पेल्यात वाती भिजवून बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. काही वेळ आम्ही दोघं नुसत्याच वाती लावत होतो. मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "बिया वरवर पेरल्यास."

एवढ्या दिवसांत आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी म्हटलं, हो, कोंबाला वर यायला जड जाईल म्हणून.

"उलटं असतं," ते म्हणाले. "वर माती असली की वर येताना टरफल मातीला घासतं आणि खालीच राहतं. मातीच ते काढून घेते."

माती हा शब्द तोंडून गेला आणि त्यांचा हात थांबला. बऱ्याच वेळानं ते पुन्हा बोलले, वर्गात बोलत तशा सरळ आवाजात.

"आठवीला हाच धडा चालू होता. येताना मी पोरांकडून खिडकीत पेले मांडून घेतले होते. आत टीपकागद आणि हरभरे. म्हटलं, गणपती बुडवून येतो, तोवर पाणी घाला, आल्यावर कुणाचा कोंब मोठा झाला ते बघू. मी गेलो तर खिडकीच नव्हती."

चादरीपलीकडं चाचांची कानस चालू होती, ती थांबली. मास्तर रडले नाहीत. हातातल्या टरफलाचा मात्र त्यांनी बोटांनी चुरत चुरत अगदी भुगा केला. थोड्या वेळानं आपानं चादर वर केली आणि चहाचे पेले आमच्यापुढं ठेवून निघून गेली.

त्या सकाळनंतर ते रोज थोडं थोडं बोलू लागले. काम करता करता, मान खाली घालून. कोणती मुलगी प्रश्न विचारून भंडावून सोडायची, कोण शेळ्या राखून उशिरा यायचा, कुणाचं अक्षर मोत्यासारखं होतं. कोण राहिलं आणि कोण गेलं ते ते वेगळं सांगत नसत, सगळ्यांबद्दल सारखंच बोलत. मी ऐकायची. आमच्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, आणि जी झाली होती त्यांत ते तिकडं खेड्यात आणि मी सासूबाईंजवळ. खरं तर मला माझा नवरा त्या हिवाळ्यातच भेटला. काळ्या मातीचे डबे, ऊन, बोटांना लागलेला गार कापूस, शेजारी त्यांचा खांदा. दुपारी ऊन उतरलं की मी शाल आणायची आणि ती आम्हा दोघांच्या पाठीवरून टाकायची. सासूबाई तिकडं तोंड करून वाती वळत बसायच्या.

संक्रांतीनंतर त्यांच्या शाळेचा निरोप आला. गावाबाहेर पत्र्याच्या खोल्यांत वर्ग सुरू होणार होते. मास्तर जातो म्हणाले. जाताना त्यांनी एका खोक्यात दुधीची रोपं नीट बसवली आणि एसटीत मांडीवर घेऊन गेले. शनिवारी आले ते बोलतच आले. रोप कुणी कुठं लावायचं यावरून मुलांची भांडणं झाली होती. पुढच्या शनिवारी सांगितलं की शेळ्यांनी बहुतेक रोपं खाऊन टाकली. ते सांगताना त्यांना हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. आपाही हसायला लागली, मग चाचाही. उरलेल्या एका वेलानं मात्र शाळेचा पत्रा झाकला, असं त्यांनी उन्हाळ्यात कधीतरी सांगितलं.

उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवेना. गल्लीतली एकेक शेड उतरू लागली. आम्हीही भिंतीतली चीर सिमेंटनं बुजवली आणि घरात गेलो. चादर सोडवताना आपानं आणि मी दोन टोकं धरून तिची घडी केली. त्यानंतर सासूबाईंनी आपाच्या हातचं पाणी पुन्हा कधी नाकारलं नाही. पण दोन घरांना दोन दारं होती, आणि दार म्हटलं की ते लावलं जातंच. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. दिवस भराभर गेले.

मग लातुरात क्लासेस आले. आधी एखाद्या हॉलमध्ये, मग इमारतींच्या मजल्यांवर. जळकोट, बिलोली, नांदेड, कुठून कुठून पोरं येऊ लागली. आमच्या गल्लीत मेस निघाल्या, झेरॉक्सची दुकानं आली, ज्याच्या त्याच्या घरावर खोल्या चढल्या. मास्तरांची बदली तोवर शहरात झाली होती. एका क्लासवाल्यानं त्यांना जीवशास्त्र शिकवायला बोलावलं आणि ते गेले. शाळेच्या आधी एक तुकडी, शाळेनंतर एक. अंधारात जायचे, अंधारात यायचे. शिकवणं त्यांना आवडायचंच. पण माईकवर बोलावं लागे आणि मागच्या बाकांवरचे चेहरे दिसत नसत. काही वर्षांनी त्यांनी ते सोडलं. मी कारण विचारलं तर एवढंच म्हणाले, "आता मला एकाही पोराचं नाव येत नाही."

हैदराबादच्या मालकानं प्लॉट विकला. जिथं आमची शेड होती तिथं मुलींचं हॉस्टेल उभं राहिलं, आणि आमच्या अंगणातलं सकाळचं ऊन गेलं. चाचांकडं घड्याळं येईनाशी झाली. नांदेडच्या मुलानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि आई-वडिलांना तिकडं नेलं. निघताना आपा आमच्या उंबऱ्यावर बसून राहिली होती, रिक्षा दारात उभी असताना. चाचा तिकडंच वारले. त्यानंतर सासूबाई, आणि निवृत्त झाल्यावर थोड्याच काळात मास्तर. मुलगी पुण्यात असते. ती तिकडं बोलावते. मी जाते आणि परत येते.

मला तो हिवाळा परत हवासा वाटतो. हे मी कुणाजवळ बोलले नाही. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं गेली, आणि त्यानंतरचे महिने मला हवे आहेत असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मुलीजवळही मी ते बोलले नाही. तिला भूकंप म्हणजे शाळेतला एक परिच्छेद.

मागच्या वर्षी एका लग्नासाठी नांदेडला गेले, तेव्हा देगलूर नाक्याकडं आपाला शोधत गेले. ती आता पलंगावरच असते. गुडघे गेलेत, पण डोळे आणि आवाज तोच. मला पाहून "दुल्हन आली" म्हणाली. मी नवी नवरी होते तेव्हापासून ती मला तेच म्हणायची, आणि आता माझे केस पांढरे झाले होते. सुनेनं सरबत दिलं. आम्ही मुलांच्या, दुखण्याच्या, लग्नातल्या जेवणाच्या गप्पा मारल्या. मास्तरांचा विषय तिनं काढला नाही आणि चाचांचा मी काढला नाही.

सून आत गेल्यावर आपानं मला जवळ सरकायला सांगितलं. आवाज खाली आणला, जणू घरातलं कुणी ऐकेल.

"एक बोलू? कुणाला सांगू नको. वो पत्रे के दिन... मला लई याद येतात. गुनाह लागंल का गं?"

मी तिचा हात धरला. मग म्हटलं, "लागला तर दोघींना लागंल, आपा."

ती मान हलवत राहिली, हौ, हौ. बाहेर तिच्या मुलाच्या दुकानात गिऱ्हाईक मोठमोठ्यानं भाव करत होतं. ऊन खिडकीतून सरकून तिच्या पांघरुणावर आलं, तिथून भिंतीवर गेलं. मी उठले तेव्हा तिनं मला थांब म्हटलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं की पुन्हा येणं होईलच असं नाही.

लातूरला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि क्लासेस नुकतेच सुटले होते. पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं-पोरी रस्ताभर पसरली होती, रिक्षा थांबल्या होत्या. त्यांतली एक मुलगी माझ्या पिशवीकडं बघून म्हणाली, आजी, द्या, मी धरते. कुठली गं तू, मी विचारलं. बिलोलीची, ती म्हणाली. मग मी तिला तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, आणि कोपऱ्यापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो.